धुळीचा नमुना, सदतीस

जानेवारी. अल्गॉयच्या चढणीवर गुडघाभर बर्फ,
आणि मी गोठ्याच्या फळीवरची धूळ
एका बारक्या नळीत ओढून घेते आहे.
पगार याचाच मिळतो.
तोंडावर मास्क, खिशात निळा पंप.
मला दमा आहे हे बुर्गीला लगेच कळलं,
उंबऱ्यातच मी दोनदा थांबले तेव्हा.

"दार लावून घ्या," ती म्हणाली,
"हेर्टाला गारठा सोसत नाही."
हेर्टा म्हणजे खिडकीजवळची तपकिरी गाय.
बुर्गीला सातवा महिना.
नवऱ्याचं जाकीट, खालची दोन बटणं लागत नाहीत,
हातात शेणाचं फावडं.
पहाटे पाचपासून ती याच हवेत आहे:
सुकं गवत, आंबलेला चारा, मूत, ऊबदार वाफ,
आणि उजेडाच्या तिरीपेत तरंगणारं ते
ज्याचं वजन मला मिलिग्रॅममध्ये लिहायचंय.

तिनं विचारलं, हे कशासाठी.
मी सांगितलं, मला जमलं तसं.
मारबुर्गला आमच्याकडे पिंजऱ्यात उंदरिणी असतात.
गाभण असताना त्यांना गोठ्यातले जंतू हुंगायला देतात.
पुढं पिल्लांना दम्याची कळ लावून पाहतात,
आणि त्यांची छाती फारशी सुजत नाही.
जंतू पिल्लापर्यंत पोचतच नाहीत.
नाळेच्या अलीकडेच थांबतात.
पोचते ती फक्त खबर:
आईच्या रक्तानं हलक्या आवाजात सांगितलेली,
की बाहेर गर्दी आहे, पण घाबरण्यासारखं काही नाही.
ही खबर आईलाच लागू दिली नाही,
तर पिल्लांना काही मिळत नाही.

"उंदरांना," बुर्गी म्हणाली.
"उंदरांना," मी म्हणाले.
"मग आमचा कोर्बिनियन?"
आणि तिनं फावड्यानं घराकडे दाखवलं.
सहा वर्षांचा. तोही याच गोठ्यातून पोटात वाढला,
आणि ऑक्टोबर आला की रात्रभर शिट्टी वाजते छातीत.

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं.
शंभर गोठे, शंभर शहरी घरं, आकडे एका बाजूला झुकतात;
पण झुकणं म्हणजे पडणं नव्हे,
आणि कोर्बिनियन आकडा नव्हे.
मी एवढंच म्हणाले की आम्ही अजून शोधतोय.
"शोधा," ती म्हणाली, आणि हेर्टाच्या पायाखालचं ओढू लागली.

आमच्याकडे कुणी तिची ओटी भरायला आलं नसतं.
इथे तशी रीतच नाही.
पण मी पाहत होते: ती वाकली की
छपरावरून बारीक पिवळं काहीतरी
जाकिटाच्या उघड्या घडीत पडत होतं,
न मोजता, न विचारता.
झटकायला हात मोकळा नव्हता तिचा.

माझ्या आईनं, एडेलट्राउडनं,
मी पोटात असताना कासेलच्या चौथ्या मजल्यावर
फरशी इतकी घासली की पाय घसरायचा.
पडदे उकळले. मांजर बहिणीकडे धाडलं.
"बाळासाठी" म्हणायची.
तिला तेव्हा जे ठाऊक होतं
त्यातलं सगळ्यात चांगलं तिनं केलं.
मी त्या घरात लख्ख जन्मले,
आणि चौथ्या वर्षी पहिल्यांदा निळी पडले.
तिचा दोष? नाही. मी अनेकदा तपासून पाहिलाय.

नळीवर चिठ्ठी लावली: सदतीस.
तारीख, फळीची उंची, गायींची संख्या अकरा.
आत चिमूटभर राखाडी.
बुर्गीनं नळी उजेडाशी धरली, हसली.
"एवढंसं? आमच्याकडे याच्या पाट्या भरतात."
आणि घरातून खोकला आला,
तशी ती फावडं भिंतीला टेकवून गेली.

गाडीत बसल्यावर पंप घेतला, दोनदा.
मग फोन वाजला.
"कुठे आहेस?" आई.
"गोठ्यात होते. धूळ गोळा करत."
पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.
"अगं," ती म्हणाली, "तुला धूळ चालत नाही."